आतली फाइल

सोमवार, २९ एप्रिल २०२४

भैरवीने आज पहिली मीटिंग घेतली. गिरिधरभाऊंच्या खुर्चीत बसली नाही. शेजारी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली. नंतर सगळे म्हणाले, बरं केलं, साधी आहे. मला त्यात विशेष वाटलं नाही. कुठल्याही खुर्चीत बसली तरी मालकाची मुलगीच ती.

बायपासनंतर गिरिधरभाऊ आता ऑफिसात येणार नाहीत. भैरवी पुण्याहून कायमची परत आली आहे. तिने फळ्यावर चौकोन काढून समजावलं की आपली काम करायची पद्धत जुनी आहे. एका साइटवर एक, दुसऱ्या साइटवर दुसरंच काही चालू आहे. आता सगळीकडे सारखा प्रोग्रॅम जाणार, आणि तो ऑफिसातूनच पाठवला जाणार. आधी एक साइट करून बघायची, मग बाकीच्या. पहिली साइट सक्करदऱ्याची रक्तपेढी. ते काम रोशनीकडे. "मुकुंदकाका मदतीला आहेतच."

मदतीला. ही कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हापासून मी आहे. रक्तपेढ्या, औषधांचे गोदामवाले, कळमन्याची कोल्ड स्टोरेजेस, सगळीकडे फ्रिजच्या तापमानावर लक्ष ठेवणारा हा प्रोग्रॅम मी माझ्या हातांनी बसवला. तापमान हद्दीबाहेर गेलं की माणसाच्या मोबाइलवर मेसेज जातो. एवढंच काम, पण ते चुकून चालत नाही.

रोशनीला येऊन दोन वर्षं झाली. हुशार आहे, नाही असं नाही. तिलाच का निवडलं याबद्दल माझा एक अंदाज आहे, तो इथे लिहीत नाही.

हर्षित बाहेर येऊन म्हणाला, "काका, आता तुमची स्प्लेंडर कूलरसमोर बांधून ठेवा. साइटवर जायचं कामच नाही राहिलं."

सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवार, ३ मे

रक्तपेढीतून फोन आला. तिथली जुनी इन्चार्ज सोडून गेली, तिच्या जागी मेघाताई आल्या. मेसेज आता त्यांच्या मोबाइलवर यायला हवा. दुपारी बाराच्या उन्हात गेलो.

नंबर, तापमानाच्या हद्दी, हे सगळं एका सेटिंगच्या फाइलमध्ये असतं, आणि ती फाइल प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यात आत बांधलेली असते. त्या गठ्ठ्याला जार म्हणतात. झिप केलेल्या फोल्डरसारखाच प्रकार. शिस्तीने करायचं तर ऑफिसातल्या मूळ प्रतीत नंबर बदलायचा, सगळं पुन्हा बांधायचं, तपासायचं, मग साइटवर न्यायचं. त्यात दोन दिवस जातात. माझी पद्धत वेगळी आहे. साइटवरच जार उघडायचा, आतली फाइल काढायची, नंबर बदलायचा, फाइल परत आत सरकवायची, प्रोग्रॅम बंद करून चालू करायचा. मेघाताईंनी मागवलेला चहा निवायच्या आत झालं.

"झालं बी?" त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी ते एसीवाले चार दिवस येऊन राहिले होते. तुम्ही तर मुकुंदजी, जादूगार आहात."

त्यांनी एक गोष्ट दाखवली. फ्रिजला स्वतःचा भोंगा असतो, तो त्यांनी बंद करून ठेवला आहे. रात्रंदिवस कोकलतो, आणि मेसेज येतोच ना. मी म्हटलं, हो, येतोच.

ऑफिसातल्या मूळ प्रतीत मात्र अजून बळीरामचाच नंबर आहे. पहिल्यांदा बसवलं तेव्हा तो आमचा साइटवरचा माणूस होता, चाचणीसाठी त्याचा टाकला होता. आता तो काम सोडून खाप्याला, गावी असतो. मूळ प्रतीत बदलायचं कधी कामच पडलं नाही. कुठे काय बदललं ते माझ्या लक्षात असतं.

रात्री जेवताना चारुलताला जादूगाराचं सांगितलं. तिलाही हसू आलं.

गुरुवार, ९ मे

आजचा दिवस मजेत गेला, हे कबूल करायला हरकत नाही.

रोशनीने नवा प्रोग्रॅम बांधला. तिच्या कॉम्प्युटरवर उत्तम चालला. जार करून टेस्टच्या मशीनवर टाकला तर म्हणे, फाइल सापडत नाही. सकाळपासून तिने दहा वेळा बांधला. फाइल आत आहे का म्हणून जार उघडून पाहिला, तर आहे. नाव बरोबर, जागा बरोबर. तरी सापडत नाही.

मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. तिच्या कॉम्प्युटरवर ती फाइल फोल्डरमध्ये मोकळी पडलेली असते, पत्ता दिला की उघडते. जारमध्ये गेली की तिला स्वतंत्र पत्ता राहत नाही. ती फाइल म्हणून उघडता येत नाही, गठ्ठ्यातून सरळ वाचत जावी लागते. एका ओळीचा बदल. प्रत्येक जण एकदा तरी इथे आपटतो. मी माझ्या जागेवरून बघत होतो.

संध्याकाळी तिला सापडलं. माझ्या टेबलापाशी आली, घामेजलेली, पण हसत. "सर, तुम्हाले माहीत होतं ना?"

"शोधून सापडलेलं टिकतं," मी म्हटलं.

"बरोबर आहे. पण एक सामोसा तरी पाठवायचा होता सर, शोधायला ताकद आली असती."

मग तिने आपली कल्पना सांगितली. प्रत्येक साइटवर जारच्या बाहेर, शेजारी एक छोटी सेटिंगची फाइल ठेवायची. प्रोग्रॅम ती आधी वाचेल. नंबर बदलायचा तर जारला हात लावायचाच नाही. आणि बाहेरची फाइल नसली तर प्रोग्रॅमने सुरूच व्हायचं नाही, सरळ ओरडायचं की फाइल नाही.

मी म्हटलं, क्लायंटसमोर प्रोग्रॅम बंद पडलेला चांगला दिसत नाही. बाहेरची नसेल तर गपचूप आतली वाचू दे. ती थोडी घुटमळली. "गपचूप नको ना सर, मग कोणाले कळणारच नाही कोणती वाचून राहिला." पण भैरवीसमोर मी अनुभवाचं बोललो आणि माझं ऐकलं गेलं. या आठवड्यात प्रथमच.

रविवार, १२ मे

लोणच्याच्या कैऱ्या आणल्या होत्या. मी अडकित्त्याने फोडी करत होतो, चारुलता मीठ-हळद लावत होती. फोन वाजला. माझे हात चिकट, म्हणून तिने स्पीकरवर लावून दिला.

रोशनी होती. "सर, जेवण झालं? डिस्टर्ब तर नाही करून राहिली?"

"बोल."

"रक्तपेढीच्या आतल्या फाइलमध्ये एकच नंबर आहे सर. हा त्यांच्या ड्यूटीवाल्याचाच आहे ना?"

"लागतो का तो?"

"चाचणीचा मेसेज पाठवला. पोचला."

"मग झालं तर."

"आणि सर, साइटवर हातानं काही बदललेलं असन तर सांगून द्या. मी बाहेरच्या फाइलमध्ये टाकून देते, म्हणजे नंतर लफडं नाही."

"जे आहे ते तुझ्यासमोर आहे," मी म्हटलं.

यात खोटं काहीच नाही. तिच्यासमोर जे होतं ते होतंच. खरं म्हणजे मला वाटलं होतं की एखादा मेसेज जाईल बळीरामला, तो फोन करून तिला दोन शब्द सुनावेल, ऑफिसात हसं होईल. मग ती येईल माझ्याकडे, आणि भैरवीलाही कळेल की फळ्यावर चौकोन काढून साइट चालत नाहीत. तेव्हा दोन मिनिटांत दुरुस्त करून देईन. एवढं साधं.

फोन बंद झाल्यावर चारुलता म्हणाली, "तुम्ही परवा गेला होतात ना तिथे? नंबर बदलायला?"

"ते वेगळं."

ती परत मीठ-हळद लावू लागली. कैऱ्या यंदा आंबट निघाल्या.

गुरुवार, २३ मे

बुद्धपौर्णिमेची सुट्टी. रक्तपेढीत आज गर्दी कमी, म्हणून नवा प्रोग्रॅम आजच चढवला. रोशनी सकाळी दोन तास ऑफिसात येऊन गेली. पांढऱ्या साडीत होती, घरची मंडळी विहारात थांबली होती म्हणे. ग्रुपवर मेसेज टाकला, "रक्तपेढी झाली." भैरवीने टाळ्यांची चित्रं टाकली. हर्षितने फटाके. मी अंगठा टाकला.

म्हणजे मी आत ठेवलेला मेघाताईंचा नंबर गेला. नव्या जारच्या आत जुनी मूळ फाइल आहे, बाहेर काहीच नाही.

बघू.

शुक्रवार, २४ मे

रोशनीने डब्यातून खीर आणली होती, सगळ्यांना वाटली. मी खाल्ली. मी असले भेद पाळत नाही, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. वेलदोडा जरा जास्त होता.

रविवार, २६ मे

नवतपाचा, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दुसरा दिवस. पंचेचाळीसच्या वर गेलं. मानेवाड्याला मेहुण्याकडे जेवायला गेलो होतो. आमरस, सांडग्यांची भाजी. दुपारभर वीज येत होती, जात होती. कूलर फिरला की फक्त गरम हवा. सगळे फरशीवर आडवे.

घरी येऊन मोबाइल पाहिला तर बळीरामचे चार मिस्ड कॉल. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं, आमंत्रण असणार. आता लावला की तासभर सोडणार नाही. उद्या ऑफिसातून लावतो.

सोमवार, २७ मे

सकाळी मेघाताईंचा फोन आला तो थेट भैरवीला.

काल दुपारी विजेच्या खेळात एका फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. शनिवारी कुठल्याशा मंडळाचं रक्तदान शिबिर झालं होतं, त्या सगळ्या पिशव्या त्यातच. रविवारी ड्यूटीला एकच माणूस, तो पुढच्या खोलीत. भोंगा बंद. आमच्या प्रोग्रॅमने मात्र काम चोख केलं. तापमान हद्दीबाहेर गेल्याबरोबर मेसेज पाठवला, परत पाठवला, संध्याकाळपर्यंत पाठवत राहिला. सगळे बळीरामला.

आज सकाळी फ्रिज उघडला तेव्हा आत कोमट. पिशव्या नष्ट कराव्या लागल्या. रोशनी आणि मी दोघंही गेलो होतो. मेघाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुकुंदजी, तुम्ही तर माझा नंबर टाकला होता! माझ्यासमोर टाकला होता!"

रोशनीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नवा प्रोग्रॅम आला ना ताई. त्यात गेला."

सिकलसेल आजाराची एक मुलगी सकाळपासून बाकावर बसून होती, दर महिन्याला रक्त चढवायला येते. तिला त्या पिशव्यांतलंच रक्त द्यायचं होतं. दुसरीकडून आणेपर्यंत दुपार झाली, पण मिळालं. हे मी मुद्दाम लिहितो. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. रोशनी मात्र त्या मुलीच्या आईजवळ जाऊन बसली आणि उठेचना. इतकं मनाला लावून घ्यायचं तर या धंद्यात राहू नये.

मेघाताईंचा नंबर मी लगेच टाकून दिला, बाहेरच्या फाइलमध्ये. दोन मिनिटं लागली.

मंगळवार, २८ मे

बळीरामला फोन केला.

"साहेब, मी तुम्हाले चारदा लावला! काहून नाही उचलला जी? मी तं पोरीच्या साखरपुड्यात होतो. मोबाइल आपला टुंगटुंग करून राहिला. फ्रिजचं तापमान वाढलं, फ्रिजचं तापमान वाढलं. बायको म्हणे, कंपनीनं तुम्हाले परत ठेवलं का जी?"

"रक्तपेढीत फोन करायचा ना मग."

"त्यायचा नंबर कुठून आणू? माझ्यापाशी तुमचाच हाय. पाहुणे पंगतीत बसून होते, मी आपला कोपऱ्यात उभा राहून तुम्हाले लावून राहिलो. व्याही विचारे, कोण आजारी आहे का गा?" मग हळूच, "रक्त वाया गेलं काय साहेब?"

"थोडं."

"अरे बापा."

मी त्याला म्हटलं, मला फोन केल्याचं उगाच कुणाला सांगत बसू नको. चौकशी चालू आहे. तूच अडकशील, मेसेज तुझ्याकडे आले होते. त्याच्या भल्यासाठीच म्हटलं. घरात लग्न आहे त्याच्या.

त्याने मागे कुणाला तरी "आलो" म्हटलं. नंतर म्हणाला, "बरं जी."

लग्नाचं आमंत्रण द्यायचं विसरला.

गुरुवार, ३० मे

रक्तपेढीने लेखी उत्तर मागितलं आहे. चूक कुणाची आणि त्याच्यावर काय कारवाई केली. नाहीतर करार बंद, आणि रक्तपेढ्यांचे लोक एकमेकांच्या ओळखीतले, एक गेली की बाकीच्या जातील. भैरवीने दार लावून रोशनीला आणि मला बसवलं.

रोशनी म्हणाली, "मॅडम, नंबर मी तपासला होता. आणि सरांना विचारलं होतं, हातानं काही बदललंय का."

भैरवीने माझ्याकडे पाहिलं. "काका?"

"नंबर लागतो का, एवढं बोलणं झालं होतं. बाकी मला आठवत नाही. रविवार होता, घरात कामं चालू होती."

"सर!" रोशनी म्हणाली. एवढंच.

मग तिने लॅपटॉप उघडला. रक्तपेढीच्या सर्व्हरवर जुन्या जारची बॅकअप प्रत राहिली होती, ती तिने आणली होती. जार उघडून भैरवीपुढे केला. आतल्या सगळ्या फाइलींवर एकाच दिवसाची तारीख. सेटिंगच्या एकट्या फाइलवर ३ मे. "बाकी सगळं बांधलं तेव्हाचं आहे मॅडम. या एकीलाच नंतर कोणीतरी हात लावला. याच महिन्यात. त्या दिवशी रक्तपेढीत कोण गेलं होतं ते मेघाताईंना विचारा."

मी म्हटलं, "मीच गेलो होतो. नाकारतो कुठे? तशी पद्धत आहे आपली. भाऊंच्या वेळेपासून."

"किती साइटवर असं केलंय?" भैरवीने विचारलं.

"सगळ्याच."

"आणि ते लिहून कुठे ठेवलंय?"

मी फक्त कपाळाला बोट लावलं.

खोलीत कूलरची तेवढी घरघर. बऱ्याच दिवसांनी मला वाटलं की या ऑफिसात माझं वजन आहे. भैरवीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला बहुतेक आत्ता कळलं की इतकी वर्षं कंपनी कुणाच्या जिवावर चालली.

तिने रोशनीला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेलात तर यातली एकही साइट मला हलवता येणार नाही."

"मी कुठे चाललोय?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही जाणार."

हे ती ज्या आवाजात बोलली तो मी नीट लक्षात ठेवला आहे. इतका मोठा विश्वास गिरिधरभाऊंनीही कधी बोलून दाखवला नव्हता.

सोमवार, ३ जून

पत्र गेलं. नव्या कर्मचाऱ्याकडून पडताळणीत चूक झाली, संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आलं आहे. भैरवीची सही, आणि वरिष्ठ म्हणून माझी. मसुदा तिचा, मी फक्त दोन वाक्यं सरळ केली.

रोशनीने सामान आवरलं. सामान तरी काय, एक पाण्याची बाटली, एक शाल. कूलरची हवा फार लागायची तिला. मी लिफ्टपर्यंत गेलो. तेवढं करायला हवं.

म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. तरुण आहेस. पुण्यात चिक्कार नोकऱ्या आहेत."

"माझी आई इथं इंदोऱ्यात आहे सर. तिले सोडून पुण्याले कशी जाऊ?"

"मग इथेच मिळेल काहीतरी."

"मिळन ना. फोन करून विचारतीन, रक्तपेढीवाली तीच काय हो ही?" ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "एक सांगू सर? त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हटलं असतं ना, की रोशनी, हा नंबर बळीरामचा आहे, तर मी सगळ्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव घेतलं असतं. मुकुंद सरांनी वाचवलं म्हणून. मले तं कोणाचं नाव घ्यायले काही लागत नाही."

लिफ्ट आली. आत जाऊन तिने दार धरून ठेवलं. "बळीरामकाकाइचा फोन आला होता मले. रक्तपेढीत जाऊन नंबर त्यांनी मेघाताईकडून घेतला. लय रडून राहिले होते. त्याइले सांगा, त्यांची काही चूक नाही. माझं ते ऐकत नाहीत."

मी म्हटलं, सांगतो.

तिने भैरवीला बळीरामच्या फोनचं सांगितलं असेल का? सांगितलं असतं तर भैरवी मला बोलली असती. म्हणजे नाहीच सांगितलं.

घरी चारुलताला म्हटलं, रोशनीला काढलं. ती भाकरी थापत होती. तवा खाली उतरवला.

"तिने विचारलं होतं," ती म्हणाली. "मी इथेच होते. स्पीकरवर होता."

"ऑफिसातलं तुला कळणार नाही. तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडते," ती म्हणाली, आणि तवा परत वर ठेवला.

शुक्रवार, ७ जून

माझ्या टेबलावर आता पाटी आहे. प्रमुख, साइट विभाग. गिरिधरभाऊ ऑफिसात असते तर त्यांनी पेढे मागवले असते, भैरवीला ते सुचलं नाही.

रोज दुपारी हर्षित समोर बसतो. मी एकेक साइट सांगतो, कुठे काय बदललं, कधी, कशासाठी. तो कॉम्प्युटरवर भरतो आणि प्रत्येक साइटसाठी बाहेरची फाइल तयार करतो. रोशनीच्या कल्पनेत तथ्य होतं, हे मी मोकळेपणाने म्हणतो. आता बाहेरची फाइल नसली तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, असंही भैरवीने करायला लावलं आहे.

मी सांगितलेलं हर्षित लगेच भरत नाही. आधी साइटवर फोन करून विचारतो, "मुकुंदजी म्हणतात हा नंबर आहे, बरोबर आहे का?" माझ्यासमोर. मी म्हटलं, अरे, मी सांगतोय ना. तो म्हणाला, "मॅडमनी सांगितलंय काका." पूर्वीची थट्टामस्करी बंद झाली आहे त्याची. पदाचा फरक पडतोच.

भैरवीही आता काका म्हणत नाही. मुकुंदजी म्हणते. मला ते आवडलं. ऑफिसात नाती नकोत.

आज तिने विचारलं, सगळ्या साइट लिहून व्हायला किती दिवस लागतील. मी म्हटलं, घाई कशाला, पावसाळा जाईल. ती म्हणाली, "ऑगस्टपर्यंत आटपा. नंतर तुम्हाला मोकळं करता येईल." इतक्या वर्षांत सलग रजा घेतलेली नाही. चारुलताला केरळला न्यायचं कधीपासून मनात आहे.

बळीरामला फोन करायचा राहून गेला. लग्न आटोपलं असेल. पत्रिका नाही आली.

रविवार, ९ जून

सकाळी मेहुण्याकडे नाश्त्याला निघालो होतो. तर्री पोह्यांचा बेत होता. चारुलता कधीची जिना उतरून खाली उभी. मी कुलूप लावून उतरलो.

"गॅस बंद केलात?" तिने विचारलं.

"केला."

"मागच्या दाराची कडी?"

"लावली."

तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि जिना चढून वर गेली. गुडघे दुखतात तिचे, एकेक पायरी कठड्याला धरून चढते. कुलूप उघडल्याचा आवाज आला. आत थोडा वेळ गेला. मग परत कुलूप लावून, तशीच एकेक पायरी उतरून खाली आली.

"काय झालं?" मी विचारलं. "गॅस बंदच होता ना?"

"होता," ती म्हणाली.

"आणि कडी?"

"तीही लावलेली होती."

मग गाडीवर मागे बसली. पर्स आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

संध्याकाळी दूधवाल्याचं तसंच झालं, नळाचंही तसंच. विचारते, मी उत्तर देतो, आणि जाऊन स्वतः बघून येते. असं पूर्वी कधी नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं होतील, मी एकदा हो म्हटलं की तिच्यासाठी तो विषय संपायचा. वय होत चाललं, ऐकलेलं लक्षात राहत नसावं. डॉक्टरांना एकदा विचारायला हवं.